२५ किलोडाल्टनचा बँड

सध्या माझा सगळा जीव जीपी१३० या रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीच्या पडद्यावर बसून बाहेरचे निरोप घेणाऱ्या प्रोटीनमध्ये, अडकलाय. इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रोटीनचा निरोप पेशीच्या आत पोहोचतो तो याच्यामार्फत. आतल्या बाजूला लोंबणाऱ्या त्याच्या शेपटीला कोणकोणती प्रोटीन्स येऊन चिकटतात, ते शोधायचं. पुस्तकात हे एका आकृतीत उरकतं: जॅक१ हे एन्झाइम शेपटीला फॉस्फेट लावतं, मग निरोप्या स्टॅट३ येतो, त्यालाही फॉस्फेट लागतं, जोडी जमवून तो केंद्रकात जातो.

प्रत्यक्षात सगळा खेळ धुण्याचा. पेशी फोडायच्या, अँटिबॉडी लावलेल्या मण्यांनी रिसेप्टर ओढून काढायचा आणि मणी धुवायचे. बफरमध्ये मीठ नि डिटर्जंट वाढलं, की हलक्या हाताने धरलेले खरे सोबतीही निसटतात. कमी पडलं तर भलतंच चिकटून राहतं: ट्युब्युलिन, हीट शॉक प्रोटीन्स, झालंच तर आपल्याच कातडीचं केराटिन! फॉस्फेटेज एन्झाइमला रोखणारं व्हॅनाडेट घालायला विसरलात तर ते सोबत्यांना धरून ठेवणारं फॉस्फेटच काढून टाकतं, मग शोधायला उरतं काय? मण्यांवर उरलेली प्रोटीन्स जेलमध्ये वजनानुसार (किलोडाल्टनमध्ये) वेगळी करायची नि हवं ते अँटिबॉडीने शोधायचं; ते पट्ट्यासारखं, म्हणजे बँड म्हणून दिसतं.

परवा आमची ज्युनिअर पळत आली. "ताई, सॉक्स३ आला! पंचवीसच्या जरा वर, झकास बँड आहे." सॉक्स३ म्हणजे या निरोपाला लगाम घालणारं प्रोटीन.

"आयजीजीची लेन दाखव आधी."

म्हणजे रिसेप्टर न ओळखणारी साधी अँटिबॉडी लावून केलेला तुलनेचा नमुना. तिथंही तोच बँड, तेवढाच झकास. मण्यांवरच्या अँटिबॉडीची लाइट चेन, म्हणजे तिचा लहान तुकडाही, पंचवीसलाच धावते. सॉक्स३ तिच्याआड सहज दडतो. पोरीचं तोंड एवढंसं झालं. आता बँड दाखवणारी दुसरी अँटिबॉडी (सेकंडरी) फक्त हेवी चेन, म्हणजे मोठा तुकडा, ओळखणारी मागवलीय.

२०१२ साली आलेली बायोआयडी पद्धत वेगळी. रिसेप्टरला एक एन्झाइम जोडायचं, ते साधारण १० नॅनोमीटरच्या आतल्या शेजाऱ्यांवर बायोटिनचा शिक्का मारतं. २०१८ च्या टर्बोआयडीला तर दहा मिनिटं पुरतात. पण रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर भेळेच्या गाड्याशी शेजारी उभे असलेले सगळे काय एकाच घरचे असतात होय? थर्माकोलच्या खोक्यातून नमुने पुण्याला जातात, प्रोटीन्स वजनावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीची लांबलचक यादी येते आणि प्रेझेंटेशनला ती भारी दिसते. मला तिचं फारसं कौतुक नाही.

त्यापेक्षा शेपटीतल्या ७५९ व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी फॉस्फेट न घेणारं फेनिलअलानिन घालावं नि बँड जातो का ते बघावं. त्याच जागेवर सॉक्स३ बसतो आणि एसएचपी२ हे फॉस्फेटेजसुद्धा, म्हणजे दोघंही एकदम जायला हवेत. स्टॅट३ च्या जागा शेपटीवर आणखी पुढे आहेत, तो मात्र टिकला पाहिजे. तोही गेला, तर रिसेप्टरच नीट बनला नाही म्हणायचं. हा बदल असलेलं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) तयार आहे, सोमवारी पेशींत घालतोय.