आमची वाटचाल : गाठी ते संत्रागोळी

आमच्याकडे होळीला लहान पोरांच्या गळ्यात साखरेची गाठी घालतात. बाळाची पहिली होळी असली की मामाकडून, आजीकडून, शेजारपाजारहून गाठ्या येतात आणि दुपारपर्यंत त्या बाळाची छाती, पोट, हात सगळं चिकट होऊन जातं. पुण्या-मुंबईकडे गाठी मुख्यतः गुढीवर चढते; विदर्भात ती होळीपासून पाडव्यापर्यंत पंधरा दिवस घराघरात असते. उरलीसुरली उन्हाळ्यात पाण्यात विरघळवायची, वर लिंबू पिळायचं, झालं सरबत. वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात आमचं घर तीन पिढ्यांपासून गाठ्या करतं.

आबाजी शेतमजूर होते. होळीच्या आधी महिनाभर ते अमरावतीला एका हलवायाच्या भट्टीवर कामाला जायचे, तिथेच हात बसला. मग गावच्या सुताराकडून त्यांनी दोन सागवानी साचे कोरून घेतले आणि घरामागच्या पडवीत भट्टी घातली. साखर तेव्हा कंट्रोलची. सणासाठी पोतं जमवायचं म्हणजे दिवाळीपासून खटपट. आजी सांगायची, की पहिल्या वर्षी साखर इतकी थोडी मिळाली की घरात तीन महिने चहा गुळाचाच झाला.

गाठीला लागतं काय? साखर, पाणी, चमचाभर दूध आणि दोरा. पाक उकळायला लागला की दूध घालायचं. मळी फेस होऊन वर येते, ती झाऱ्याने काढायची. मग पाक कढईच्या कडेला लाकडी दांड्याने घोटायचा. इथे सगळं कसब आहे. घोटता घोटता पाक दुधाळ होतो, म्हणजे साखर दाणा धरायला लागली. त्या क्षणी तो साच्यात गेला पाहिजे. साचे आधी पाण्यात भिजवून ठेवलेले, आत दोरा ताणलेला, दोन्ही फळ्या आवळून बांधलेल्या. जरा लवकर ओतलं तर गाठी ओली राहते, जरा उशीर झाला तर पाक कढईतच दगड होतो. बाबा घड्याळ बघत नसत. दांड्याचा आवाज बदलला की ते "आण साचा!" म्हणत आणि आम्ही भावंडं धावायचो.

होळी झाली की भट्टी थंड. मग जत्रांसाठी बत्तासे आणि साखरफुटाणे, एवढ्यावर वर्ष काढायचं. सहा माणसांचं घर त्यावर चालत नव्हतं. बाबा थकले आणि १९९८ साली धंदा माझ्याकडे आला, तेव्हा मी ठरवलं की बारा महिने खपेल अशी वस्तू करायची. किराणा दुकानात काचेच्या बरणीत पोरांचा हात पहिला कुठे जातो ते मला ठाऊक होतं. संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, वरून साखर लावलेली केशरी गोळी. चाराण्याला एक.

या गोळीबद्दल मला मनापासून आदर आहे. मुंबईत विलेपार्ल्याला मोहनलाल दयाळ चौहान यांनी १९२९ मध्ये कारखाना काढला, तो गोळ्या-चॉकलेटचा. बिस्किटं तिथे दहा वर्षांनी, १९३९ मध्ये सुरू झाली. पार्लेच्या सुरुवातीच्या मालात संत्रागोळी होती. पुढे मालेगावजवळच्या रावळगावात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याने गोळ्या काढल्या आणि आपल्याकडे 'रावळगाव' हे गावाचं नाव न राहता गोळीचंच नाव झालं. आमचे बाबा कुठल्याही गोळीला रावळगावच म्हणत. २०२४ मध्ये ही नाममुद्रा रिलायन्सने घेतली, तेव्हा मला उगाच घरातलं कोणी परगावी गेल्यासारखं वाटलं. इंग्रजांचा 'कँडी' हा शब्दसुद्धा मुळात आपला आहे. संस्कृतातला खंड, म्हणजे खांडसाखरेतली खांड, फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि कँडी होऊन परत आला.

मला वाटलं होतं, गाठी येते म्हणजे गोळीही येईल. ती आली नाही. हाताने फिरवायचा जुना पितळी रोलर विकत घेतला, पाक तापवला, रंग-इसेन्स घातला, गोळ्या सुरेख पडल्या. आठ दिवसांत त्या पांढऱ्या पडून भुगा व्हायला लागल्या. मोर्शीच्या दुकानदाराने दोन डबे परत दिले. "भाऊ, हे गोळी आहे का बत्तासा?" म्हणाला. खरं होतं त्याचं. आमच्या घराने आयुष्यभर साखरेला दाणा धरायला लावलं होतं आणि गोळीत नेमकं ते टाळायचं असतं. गोळी म्हणजे साखरेची काच. आत एक दाणा जमला तरी तो बाकीच्यांना बोलावतो.

उपाय आईने सांगितला. "लिंबू पिळ ना थोडं पाकात. म्या लाडवाच्या पाकात पिळतो, मंग साखर नाही जमत." आंबटाने साखरेचा थोडा भाग फुटतो आणि दाण्याला आडवा येतो. कारखान्यात याच कामासाठी मक्यापासून केलेलं लिक्विड ग्लुकोज घालतात, हे नंतर कळलं. ते घातलं, पाक १५० अंशांपर्यंत नेला, थर्मामीटर आणला आणि गोळी काचेसारखी मोडायला लागली. मग पावसाळा आला आणि ती हवेतलं पाणी ओढून चिकटायला लागली. सायट्रिक ॲसिड मी फार गरम पाकात घालत होतो, त्यामुळे साखर गरजेपेक्षा जास्त फुटत होती. पाक ओट्यावर ओतून जरा निवल्यावर ॲसिड मळायचं, हे समजायला दोन पावसाळे गेले.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली होती. आमच्या गावाच्या चारी बाजूंना संत्र्याच्या बागा, वरूड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्या गोळीतला संत्रा बाटलीतला! आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या संत्र्यांची, तोडणी सुरू झाली की बागेत चुरी, म्हणजे बारक्या, संत्र्यांचे ढीग लागतात, व्यापारी त्यांना हात लावत नाही. मी ती चुरी घ्यायला लागलो. धुऊन, पुसून, साल साखरेवर घासायची. सालीतलं तेल साखर पिऊन घेते. ही साखर सगळ्यात शेवटी, पाक निवताना घालायची, नाहीतर वास वाफेबरोबर छपराला जातो. हिवाळ्यातल्या गोळ्यांत आता इसेन्स जवळपास नाही. इतर वेळी लागतो, तो आम्ही लेबलवर लिहितो.

३० जून २०११ नंतर चाराण्याचं नाणं बंद झालं. आम्ही गोळी थोडी मोठी केली आणि आठ आण्याला दिली. तो फटका सोसला. २०२० चा जड गेला. होळी ९ मार्चला, तिचा माल निघून गेला होता. पाडवा २५ मार्चला आणि त्याच दिवशी देश बंद. दीड क्विंटल गाठ्या घरात. आम्ही त्या वाटल्या. गावात अडकलेल्या मजुरांच्या पोरांना, पोलिसांना, दवाखान्यात. उरल्या त्या पुन्हा पाकात गेल्या. गाठीचं ते एक बरं असतं, ती वाया जात नाही.

आज सात बायका आणि दोन पोरं कामाला आहेत. कमाई गोळीवर होते, गाठीवर जेमतेम सुटतं. तरी माघ संपत आला की गोळीचा रोलर आम्ही पुसून ठेवतो आणि साचे भिजत घालतो. आबाजींच्या दोन साच्यांपैकी एक अजून चालतो. त्यातल्या पदकावरच्या फुलाची एक पाकळी झिजून सपाट झाली आहे. भट्टीवरची पहिली गाठी त्याच साच्यातून काढतो. ती विकत नाही. गावात ज्या घरी बाळाची पहिली होळी असेल, तिथे माझी बायको ती नेऊन देते. यंदा अशी चार घरं आहेत, म्हणून तो साचा चार वेळा भरायचा आहे.