तुम्ही विचारलंत म्हणून: रोव्हरच्या इंजिनिअरांचं पुढे काय झालं?

पुण्यात गाड्यांच्या गप्पांत रोव्हर या बुडालेल्या इंग्लिश गाडी कंपनीचं नाव निघालं की प्रश्न ठरलेला. ‘इंग्लंडचे इंजिनिअर एवढे हुशार, मग हेड गॅस्केट उडवणारं इंजिन त्यांनी केलंच कसं? आणि असल्यांना पुढे नोकरी दिली कोणी?’ (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील.) एरवी हसून सोडून देतो. आज नाही सोडत.

ते इंजिन म्हणजे के-सिरीज. १९८९ साली रोव्हर २०० या गाडीत आलं ते १.४ लिटरचं. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७५ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७९. अॅल्युमिनियमचं हेड, खाली ब्लॉक, त्याखाली क्रँक धरणारी बेअरिंगची शिडी, आणि वरपासून खालपर्यंत सगळे थर एकत्र आवळणारे दहा बोल्ट, जवळपास हातभर लांब. वजन कमी, पोटात पाणी कमी, म्हणून झटकन तापणारं. थंड देशात हा गुणच. या मापात ते धडधाकट इंजिन होतं, पण हे वाक्य कोणालाच ऐकायचं नसतं.

घोळ झाला ते वाढवताना. नवा ब्लॉक करण्याऐवजी जुन्याच चौकटीत १.६ आणि १.८ बसवलं. बोअर ८० झाला, १.८ साठी स्ट्रोक ८९.३, सिलिंडरांमधलं अंतर मात्र तेच. आधीचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत फिरतो त्या नळ्या, बऱ्याच उंचीपर्यंत पाण्यात उभे असत. नव्यांचा खालचा भाग अॅल्युमिनियममध्ये घट्ट बसवला आणि पाणी फक्त वरच्या भागाला राहिलं. लायनरचं तोंड ब्लॉकच्या पातळीपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी वर असावं लागतं, कारण गॅस्केटची कडी त्याच उंचवट्यावर दाबली जाते. इंजिन एकदा जास्त तापलं, लायनर टेकतो तो अॅल्युमिनियमचा काठ किंचित जरी बसला, की तो दाब गेला.

त्यात हेड जागेवर धरायला प्लास्टिकच्या डॉवेल पिना. स्टीलच्या नंतर आल्या. हेड सूतभर सरकलं तरी गॅस्केटवरची रबरी रेघ सुटते. थर्मोस्टॅट पंपाच्या आत येणाऱ्या वाटेवर, म्हणजे तो उघडला की रेडिएटरमधलं गार पाणी थेट गरम इंजिनात. १९९५ च्या एमजीएफ या दोन सीटच्या गाडीत इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर नाकाशी. मधल्या लांब नळ्यांतलं पाणी आणखीच गार. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून थेंब थेंब झिरपलं तरी पुरे, कारण मुळात पाणीच कमी. सेन्सरला पाणी लागेनासं झालं की तापमानाचा काटा शांत आणि ऑइल दुधाळ चहासारखं.

गॅरेजवाल्यांनीही हातभार लावला. हेड काढल्यावर लायनरांना क्लॅम्प न लावता क्रँक फिरवला की लायनर उचलले जातात आणि खालचं सील सुटतं. मग नवं गॅस्केट टाकूनही पाणी तेलात. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, आधी २० न्यूटन-मीटर, मग १८० अंश, मग पुन्हा १८० अंश. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्याचं हे काम नाही.

मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो की दोष हिशेबनिसांचा, इंजिनिअरांचा नाही. आता तेवढा ठामपणा उरलेला नाही. प्लास्टिकच्या पिनेच्या ड्रॉइंगवर हिशेबनीस सही करत नाही. पण हेही बघा: १९८९ साली लाँगब्रिजला, रोव्हरच्या मुख्य कारखान्यात, कामाला लागलेल्या माणसाने टेबल न बदलता तीन मालक पाहिले. १९८८ मध्ये सरकारकडून कंपनी घेतलेलं ब्रिटिश एरोस्पेस, १९९४ ला बीएमडब्ल्यू, २००० साली दहा पौंडांत घेणारं फिनिक्स. प्रत्येक मालकाला इंजिन वाढवून हवं होतं आणि नवं करायला वेळ नव्हता, असं मला वाटतं. असं म्हणताना मी पुन्हा त्यांची वकिली करतोय, तेही कळतं.

नोकरीचं म्हणाल तर २००० साली वाटणी झाली. लँड रोव्हर आणि गेडनचं संशोधन केंद्र फोर्डकडे गेलं, लाँगब्रिज फिनिक्सकडे. लँड रोव्हरच्या फ्रीलँडरमध्ये हेच १.८ असल्यामुळे गेडनवाल्यांनी त्याच्यासाठी अनेक पापुद्र्यांचं स्टीलचं गॅस्केट आणि खाली ऑइल रेल, म्हणजे ते लांब बोल्ट ज्यात आवळले जातात ती पट्टी, आणखी मजबूत करून घेतली. २००८ मध्ये फोर्डने विकलं तेव्हा ती मंडळी टाटांची झाली. तेच इंजिन हाताळलेले लाँगब्रिजवाले एप्रिल २००५ मध्ये कंपनी बुडाली तेव्हा रस्त्यावर आले. फरक बुद्धीचा नव्हता, कुठल्या इमारतीत टेबल होतं याचा होता. बुडण्याआधी लाँगब्रिज जी सर्वात स्वस्त गाडी विकत होतं, ती सिटीरोव्हर, म्हणजे आपल्या पुण्यात बनलेली इंडिका. हे सांगितलं की प्रश्न विचारणारे जरा गप्प होतात.

आणि ‘असल्यांना’ नोकरी? शांघायच्या एसएआयसी या गाडी कंपनीने के-सिरीजचे हक्क आधीच घेऊन ठेवले होते. त्यांच्या कामासाठी रिकार्डो या सल्लागार कंपनीने रोव्हरच्या बऱ्याच इंजिनिअरांना घेतलं. तेच इंजिन दुरुस्त होऊन चीनमध्ये पुन्हा बनू लागलं.

७५ चं ८० करणाऱ्या ड्रॉइंगवर मी सही केली असती का, हे मात्र विचारू नका. सोमवारी ‘नाही’ म्हणतो, गुरुवारपर्यंत ‘कदाचित’.