पासवर्ड ब्राउझरमध्येच हॅश केला की झालं?

परवा एका मित्राचा कोड बघत होतो. लॉगिनचं बटण दाबलं की जावास्क्रिप्ट पासवर्डचा एसएचए-256 हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड सहज उलटा काढता येत नाही असं रूप) काढते आणि तोच सर्व्हरला जातो, आणि साइट मात्र साध्या, एनक्रिप्ट न केलेल्या एचटीटीपीवर! त्याचं म्हणणं असं की खरा पासवर्ड नेटवर्कवर जातच नाही, मग एचटीटीपीएस कशाला.

अरे पण मधे बसून ट्रॅफिक वाचणाऱ्याला खरा पासवर्ड हवाय कुठे? तो हॅश उचलायचा, जसाच्या तसा सर्व्हरला पाठवायचा, की तो आत. म्हणजे आता हॅश हाच पासवर्ड झाला, आणि डेटाबेसमध्ये तोच तसाच ठेवला असेल तर डेटाबेस फुटल्यावर हॅश क्रॅक करून मूळ पासवर्ड शोधायचीही गरज नाही. शिवाय मधल्या माणसाला पान बदलता येत असेल तर तो तुमची स्क्रिप्टच काढून स्वतःची घालेल.

म्हणून सगळीच साइट एचटीटीपीएसवर पाहिजे, नुसतं लॉगिन सबमिट होतं ती यूआरएल नाही. सुरक्षा संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइकने 2009 मध्ये एसएसएलस्ट्रिप हे हल्ल्याचं टूल दाखवलं ते ह्याच फटीतून, पहिलं पान एचटीटीपीवर येतं तिथेच एचटीटीपीएसच्या लिंक बदलून एचटीटीपीच्या करून टाकायच्या. त्यावर उपाय म्हणून एचएसटीएस हेडर आहे, तो ब्राउझरला सांगतो की ही साइट फक्त एचटीटीपीएसवरच उघड, तो लावाच. आणि एचटीटीपीएसला लागणारं सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्ट ह्या संस्थेकडून फुकट मिळतं, त्यामुळे खर्चाचं कारण आता चालणार नाही.

पण एचटीटीपीएसने सुद्धा सगळं झाकलं जात नाही हे मी स्वतः बघितलंय. माझ्याच एका जुन्या अ‍ॅपमध्ये फॉर्म टॅगला मेथड (माहिती कशी पाठवायची, गेट की पोस्ट) लिहायची राहिली होती, सबमिटचं सगळं काम जावास्क्रिप्ट करायची त्यामुळे कधी लक्षातच आलं नाही, आणि एक दिवस स्क्रिप्ट लोड झाली नाही. मेथड नसली की ब्राउझर गेट धरतो, म्हणजे पासवर्ड सरळ यूआरएलमध्ये, प्रश्नचिन्हाच्या पुढे. सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टच्या नोंदीत, ती ओळ दिसली तेव्हा पोटात गोळाच आला, कारण तो दुसऱ्या कुणाचा तरी पासवर्ड होता आणि मी तो वाचत होतो. ट्विटरलाही मे 2018 मध्ये अशाच कारणाने, पासवर्ड हॅश व्हायच्या आधीच आतल्या लॉगमध्ये लिहिले गेले म्हणून, सगळ्या 33 कोटी युजर्सना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं होतं.

मित्राला मी एवढंच सांगितलं, हॅशिंग सर्व्हरवर कर, बीक्रिप्ट किंवा आर्गॉन2 हे पासवर्डसाठीच बनवलेले हॅश वापर, फॉर्मला पोस्ट लिही. आणि आज रात्रीच एक टेस्ट पासवर्ड टाकून लॉगिन कर आणि मग तो शब्द सगळ्या लॉगमध्ये शोध.