फॅरारबाईंच्या स्मरणदिनाच्या सभा

आमच्या माजी विद्यार्थिनी मंडळाची वार्षिक सभा २५ जानेवारीला भरते, कारण १८६२ साली याच तारखेला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या अमेरिकन मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरार यांचे नगरमध्ये निधन झाले. शहर आता अहिल्यानगर झाले असले तरी आम्ही जुन्या मुली बोलताना नगरच म्हणतो, आणि बाईंना फॅरारबाई. सभेला माणसे जमवण्याच्या दृष्टीने याहून गैरसोयीची तारीख शोधून सापडणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन असल्यामुळे शहरातील बहुतेक शिक्षिका त्या दुपारी संचलनाच्या आणि लेझमाच्या तालमीत अडकलेल्या असतात. नगरसेवक आले तर दहा मिनिटांत निघतात. त्याच महिन्यात ३ तारखेला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, याच सभागृहात उभे राहायला जागा नसते. त्या गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. ती व्हायलाच हवी. मात्र सावित्रीबाईंनी नगरला फॅरारबाईंच्या शाळेत अध्यापनाचे धडे घेतले, हे वाक्य ज्या वक्त्या त्या दिवशी आवर्जून म्हणतात, त्यांच्यापैकी एखादीने तीन आठवड्यांनी आमच्याकडेही यावे, ही अपेक्षा फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

प्रार्थना, स्वागत, अहवाल आणि जमाखर्च यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. जमाखर्चाला कोणी हरकत घेत नाही आणि अहवाल कोणी ऐकत नाही. मंचावर आम्ही तसबीर लावत नाही. एका पाटावर धूळपाटी ठेवतो, कारण त्या काळातील मुले-मुली धुळीतच अक्षरे गिरवत असत. हार धूळपाटीला घालायचा की नाही, यावर एका वर्षी बराच वाद झाला होता. तेव्हापासून पाटाभोवती फुले ठेवतात.

त्यानंतर आमच्या इतिहासाच्या निवृत्त बाई चरित्र सांगतात, आणि माझ्या दृष्टीने सभा तेथून सुरू होते. त्यांच्या हातात कागद नसतो. न्यू हॅम्पशायर राज्यातील मार्लबरो या गावी १७९५ मध्ये जन्मलेली एक शिक्षिका वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जून १८२७ मध्ये, बोस्टनहून जहाजात बसते आणि डिसेंबरच्या अखेरीस मुंबईच्या धक्क्यावर उतरते, हे त्या अशा सांगतात की जणू निरोप द्यायला त्या स्वतः बोस्टनच्या बंदरावर गेल्या होत्या. तोवर अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या मिशनमध्ये स्त्रिया येत त्या बहुधा मिशनऱ्यांच्या पत्नी म्हणून. ही बाई अविवाहित होती आणि मुलींच्या शाळांची देखरेख हेच तिचे नेमून दिलेले काम होते. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मुलींची पहिली शाळा १८२४ मध्ये काढली होती. बाई आल्यावर दोन वर्षांतच या शाळांतील मुलींची संख्या चारशेच्या वर गेली. मुली मिळवणे आणि टिकवणे किती अवघड होते, याचे वर्णन आमच्या बाई फार रंगवत नाहीत. लग्न ठरले की मुलगी शाळेतून जाई, एवढेच त्या म्हणतात आणि समोर बसलेल्या आजीबाई माना डोलावतात.

चरित्रातील माझी आवडती जागा १८३७ ची आहे. प्रकृती ढासळल्यामुळे फॅरारबाईंना अमेरिकेला परतावे लागले. दहा वर्षे काम झाले होते, तेथेच सन्मानाने थांबता आले असते, आणि कोणी बोलही लावला नसता. १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या आणि या वेळी मुंबईत न राहता थेट नगरला मुक्काम केला, तो अखेरपर्यंत. येथे आमच्या बाई थांबून पाणी पितात. हे थांबणे ठरलेले आहे हे मला ठाऊक आहे, तरी दर वेळी घशाशी काही येते. पुढे जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर बाईंची शाळा पाहायला आले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, हा भाग सर्वांना माहीत असल्यामुळे त्या तो भराभर संपवतात, आणि ते बरोबरच आहे.

एके वर्षी पाहुणे म्हणून आलेल्या प्राध्यापकांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि मंडळात महिनाभर अबोला राहिला. पहिली अशी की, अमेरिकेतून परदेशी गेलेली पहिली अविवाहित मिशनरी स्त्री म्हणून फॅरारबाईंचे नाव घेताना बेट्सी स्टॉकटन यांना विसरता येणार नाही. गुलामगिरीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाई १८२२ मध्येच एका मिशनरी कुटुंबासोबत हवाईला निघाल्या होत्या आणि तेथे सामान्य लोकांसाठी त्यांनी शाळा चालवली. दुसरी अशी की, फॅरारबाई धर्मप्रसारासाठीच आल्या होत्या, मुलींना वाचता यावे यामागे बायबल वाचता यावे हा हेतू होता, आणि पालकांची भीती निराधार नव्हती. आमच्या ज्येष्ठ सभासदांना हे झोंबले. मला प्राध्यापकांचे पटले. बाईंनी आपला हेतू कधी लपवला नाही, मग आपण तो का लपवावा? आमच्या इतिहासाच्या बाई आता ‘पहिल्यांपैकी एक’ असे म्हणतात, पण तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज किंचित खाली जातो.

ज्यासाठी मी ताप असला तरी सभेला जाते, तो भाग शेवटचा. दरवर्षी तीन सभासद उभ्या राहतात आणि आपल्या घराण्यात सर्वांत आधी कोणती बाई वाचायला शिकली, हे पाच मिनिटांत सांगतात. नियम एकच, ऐकीव थोर गोष्टी नकोत, घरातले सांगायचे. राहुरीकडच्या एका सभासदाने सांगितले की तिची पणजी अक्षरे ओळखते हे सासरी वर्षानुवर्षे कोणाला माहीत नव्हते. सावकाराचा कागद चुलीजवळ बसून तिने वाचला, तेव्हा ते उघड झाले. मुकुंदनगरच्या एका सभासदाच्या आजीला कुराण अरबीत वाचता येत असे, मराठी मात्र ती मुलाच्या पाठ्यपुस्तकातून चोरून शिकली. आणि विडी वळून घर चालवणारी आमची एक पद्मशाली सभासद उभी राहिली, काही वेळ बोललीच नाही, मग मागच्या रांगेत बसलेल्या आपल्या मुलीकडे हात करून म्हणाली, “आमच्या घरातली पहिली ही.” एवढेच भाषण. ज्ञानगंगा, ज्ञानज्योत असे शब्द वापरून अर्धा तास बोलणारे अध्यक्ष मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांतले एकही वाक्य आज मला आठवत नाही.

ज्यांच्यामुळे हे घडते त्यांचा उल्लेख राहता कामा नये. अहवालात एक नाव सुटल्यामुळे मागे मोठा रुसवा झाला होता, तेव्हापासून नावे न छापता कामे नोंदवायची असा ठराव आहे, म्हणून मीही तसेच करते. सभागृह सवलतीत देणारे विश्वस्त; वेळ टळली तरी न कुरकुरणारे ध्वनिक्षेपकवाले दादा; पेटी आणि तबला या दोन्ही साथींना स्वतःच्या खर्चाने येणारे गुरुजी व त्यांचे चिरंजीव; रांगोळी काढणाऱ्या तिघी; निमंत्रणपत्रिका सायकलवरून वाटणारे शाळेचे निवृत्त शिपाईमामा; भजनात टाळ धरणाऱ्या चर्चच्या ताई; कोथिंबीरवड्या करणाऱ्या दोघी जावा आणि चहाचे पातेले उचलणारी त्यांची मुले; चपलांची राखण करणाऱ्या आजी. धूळपाटीसाठी बारीक माती चाळून आणणारे कुंभारकाका नुकतेच वारले, त्यांच्या सूनबाईंनी यंदा माती पाठवली. ज्यांनी फक्त खुर्च्या उचलल्या, त्या मुलांनाही यात धरावे.

आता कार्यकारिणीपुढे असा प्रस्ताव आला आहे की, उपस्थिती वाढावी म्हणून आमची सभा ३ जानेवारीच्या कार्यक्रमालाच जोडावी. त्यात चरित्रकथनाला सात मिनिटे मिळतील आणि तीन सभासदांचे बोलणे वेळेअभावी वगळले जाईल. मी माझा विरोध लेखी दिला आहे, आणि पुढच्या २५ जानेवारीसाठी तीन बोलणाऱ्यांची नावेही चिटणीसांकडे नोंदवून ठेवली आहेत.