लाकडी चमच्याचे मैदान

आज संध्याकाळी मेलबर्नच्या एडिनबरा गार्डन्समध्ये, ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलच्या जुन्या प्रेक्षागृहासमोर बराच वेळ बसून राहिलो. १९६६ पर्यंत फिट्झरॉय क्लबचे हे घरचे मैदान होते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये तळाला राहणाऱ्या संघाच्या पदरी ‘लाकडी चमचा’ पडला असे म्हणतात, आणि तो या क्लबच्या वाट्याला वारंवार आला. १९६३ मध्ये त्यांनी एकच सामना जिंकला, तोही त्या वर्षी विजेत्या ठरलेल्या जिलाँगविरुद्ध. १९६४ मध्ये तर एकही नाही. मला मात्र १९१६ हे वर्ष सर्वांत विलक्षण वाटते: महायुद्धामुळे चारच संघ उतरले, फिट्झरॉय साखळीत शेवटचा आला, पण चारही संघांना अंतिम टप्प्यात प्रवेश असल्यामुळे अखेर विजेतेपदही त्यानेच पटकावले. १९९६ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे त्याचे ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीनीकरण झाले, याची हळहळ इथे बसल्यावर फार जाणवते. त्यातून जन्मलेला ब्रिस्बेन लायन्स २०१७ मध्ये तळाला होता आणि २०२४ मध्ये विजेता ठरला. फिट्झरॉयचे नाव आता हौशी स्पर्धेत, याच मैदानावर खेळते. पुढच्या सामन्याला मी मुलीला घेऊन येणार आहे.