पागोळ्या आणि क्लिकर

आमच्या चांदी कुत्रीला मी क्लिकरने बसायला शिकवत होते. क्लिकर म्हणजे दाबला की 'टक्' वाजणारी छोटी डबी; तो क्लिक कुत्र्याला सांगतो, 'हेच बरोबर, आता खाऊ मिळेल.' चांदी बसायची, पण टेकली न टेकली की लगेच उठायची. दोन आठवडे मी तिलाच हट्टी म्हणत होते. मग पुतण्याने मोबाईलवर आमचं शूटिंग केलं आणि स्लो मोशनमध्ये दाखवलं. माझा क्लिक ती उठताना वाजत होता. मी शिकवलं तेच ती शिकली होती. फार वाईट वाटलं.

खाऊ दोन सेकंद उशिरा मिळाला तरी चालतो, क्लिक नाही. १९६० च्या दशकात हवाईत प्रशिक्षक कॅरेन प्रायर डॉल्फिनना शिट्टीवर शिकवत. उडी घेतलेल्या डॉल्फिनच्या तोंडात मासा कसा घालणार? शिट्टी मात्र तिथेच पोचते. क्लिकरचं कामही तेच.

म्हणून आधी हात तयार करायचा, कुत्रा नंतर. क्लिक वाजला की खाऊ द्यायचाच असतो, त्यामुळे सरावाच्या वेळी आई चांदीला पुळणीवर नेते. पुतण्या ओटीवरून चेंडू सोडतो, तो अंगणात टेकला की मी क्लिक करायचं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आत्या, तू टप्प्याचा आवाज ऐकून वाजवतेस." खरंच होतं. आवाजाची वाट पाहिली की उशीर ठरलेला.

पण खरा सराव झाला पागोळ्यांवर. इथे गुहागरला आषाढात सर कोसळत असते तेव्हा कौलांवरून नुसत्या धारा लागतात, त्यांचा उपयोग नाही. सर ओसरली की थेंब सुटे होतात. एकच कौल धरायचं. कडेला थेंब जमतो, फुगतो, लांबट होतो, क्षणभर लोंबतो आणि सुटतो. सुटताना क्लिक. अंगठा आधीपासून क्लिकरच्या पत्र्यावर हलका टेकवलेला हवा आणि दुसरा हात खाऊच्या पिशवीकडे अजिबात जाता कामा नये, नाहीतर कुत्रा क्लिक ऐकायचं सोडून हाताकडे बघतो.

आठवडाभराने चांदीकडे पाहिलं तर तिच्यातही तो फुगणारा थेंब दिसायला लागला. आधी मान वर, मग मागचे पाय किंचित दुमडतात, शेपटी बाजूला जाते. बूड टेकलं, क्लिक. मग काटे काढलेल्या उकडलेल्या बांगड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा, तोही ती बसलेली असतानाच.

काल मासळीवाली मावशी पाटी घेऊन बेड्यापाशी आली. एरवी चांदी तिच्या अंगावर उड्या मारते. काल मान वर झाली, पाय दुमडले. मी क्लिक केलं.

"बसली की गो!" मावशी म्हणाली. पाटी खाली उतरेपर्यंत चांदी बसूनच होती.