निळ्या रेषेच्या आत

अमृतमहोत्सवी अंकासाठी लेख मागताना बाईंनी फोनवरच बजावलं, "शाळेनं घडवलं, ऋण फिटणार नाही, असलं काही लिहू नकोस. ते सगळेच लिहितात. तू हॉलंडला गेली होतीस ना, तिथं काय शिकलीस ते लिही." बाईंचा शब्द मोडायची सवय मला अजून लागलेली नाही. तेव्हा हॉलंडबद्दलच लिहिते. मधे मधे शाळा डोकावली तर बाईंनी चालवून घ्यावं.

२०१७ साली मी पुण्यात नगररचनेचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. वर्गाचा अभ्यासदौरा नेदरलँड्सला निघाला. विषय होता नद्या आणि शहरं. खर्चाचा आकडा ऐकून घरी दोन दिवस कुणी त्यावर बोललंच नाही. मग बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि आईनं भडंगाचा मोठा डबा भरून दिला. त्या डब्यातलं माझ्या वाट्याला मूठभरच आलं. सांगलीचं भडंग म्हटल्यावर लातूर, नागपूर, मुंबई सगळी एक झाली.

गटानं राहण्याचे जे काही धडे असतात ते मिळालेच. एका खोलीत वर-खाली पलंग, स्वयंपाकाच्या पाळ्या, खर्चाची वही, आणि नऊ वाजून दोन मिनिटांची गाडी नऊ वाजून दोन मिनिटांनीच सुटते हे फलाटावर उभं राहून झालेलं ज्ञान. असल्या दौऱ्यांचं बहुतेक वेळा फोटो काढण्यापलीकडे काही होत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. आमचा दौरा त्यातून वाचला तो सोबत आलेल्या कॉलेजातल्या मॅडमच्या एका अटीमुळे. रोज रात्री जेवणानंतर प्रत्येकानं दिवसभरात स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगायची. गूगलवर मिळेल ते चालणार नाही, गाइडनं सांगितलेलंही चालणार नाही.

सुरुवातीला सगळ्यांची पंचाईत झाली. सायकली फार आहेत, हे किती जणांनी सांगायचं? पण हळूहळू डोळे कामाला लागले. एकानं सांगितलं, इथं शेतांना कुंपणच नाही, दोन शेतांच्या मधे पाण्याची चारी आहे आणि गायी ती ओलांडत नाहीत. मी सांगितलं ते कालव्याचं. आम्ही रस्त्यानं चालत होतो, बाजूला बांध होता आणि बांधापलीकडून एक होडी चालली होती. होडी आमच्या डोक्याच्या वरून जात होती. म्हणजे पाणी वर आणि रस्ता, घरं, गोठे सगळं खाली. उपसलेली जमीन आहे, समुद्रसपाटीच्या खाली आहे, हे नववीच्या भूगोलात वाचलेलं होतं. पण मान वर करून होडी पाहिल्यावर पोटात जे कालवलं, ते पुस्तकात नव्हतं.

प्रश्न विचारायच्या वेळी मात्र मी मागच्या रांगेत. मुंबईची मुलं फाडफाड बोलायची आणि मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. हे बदललं नायमेखनमध्ये.

नायमेखन हे वाल नदीवरचं जुनं शहर. वाल म्हणजे ऱ्हाईनचाच मोठा फाटा. शहरापाशी नदी वळण घेते आणि पात्र बाटलीच्या गळ्यासारखं अरुंद होतं. १९९५ साली त्या भागातल्या नद्यांना असा पूर आला की सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. बांध टिकले, पण सरकार हादरलं. शतकानुशतकं बांध उंच करत आलेल्या देशानं मग ठरवलं, आता नदीला जागा द्यायची. ३०हून अधिक ठिकाणी कामं निघाली. नायमेखनसमोरच्या लेंट गावाचा बांध ३५० मीटर मागं घेतला, मोकळ्या झालेल्या जागेत नदीसाठी नवा फाटा खणला. वाटेतली सुमारे ५० घरं हलवावी लागली.

पुलावर उभं राहून हे सगळं दाखवणारे गृहस्थ निवृत्त अभियंता होते. एवढं केल्यावर पुराची पातळी किती उतरते, असं कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, सुमारे ३५ सेंटिमीटर. आमच्यातले काही हसले. एवढा खटाटोप दीड वितीसाठी? मला हसू आलं नाही. ३५ सेंटिमीटर म्हणजे फुटापेक्षा जास्त, आणि एका फुटानं काय होतं ते सांगलीत शेंबडं पोरही सांगतं. तुमच्यापैकी कुणाच्या गावाला पूर येतो का, असं त्यांनी विचारल्यावर माझा हात आपोआप वर गेला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. आधी सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर, मग मारुती चौक. हरिपुरात पेवांमध्ये, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांमध्ये, पाणी शिरून हळद गेली. इंग्रजी मोडकंतोडकंच होतं, पण ते वहीत टिपून घेत होते आणि फाडफाड बोलणारी मंडळी गप्प होती.

यातलं काहीच मी कॉलेजात शिकलेलं नव्हतं. पावसाळ्यात आपले भूगोलाचे सर रोज फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आयर्विनची पातळी लिहायचे आणि तो कोपरा कुणी पुसायचा नाही, गणिताच्या सरांनीसुद्धा. २००५ला शाळेत पूरग्रस्त राहायला आले, वर्ग बंद झाले, तरी कोपऱ्यातला शेवटचा आकडा तसाच होता.

यापेक्षाही डोक्यात बसलं ते ओव्हरडीपचं. बेर्खसे मास नदीकाठचा हा दुभत्या जनावरांचा टापू. मोठ्या पुरात इथं पाणी सोडायचं ठरलं. शेतकऱ्यांनी नुसता मोर्चा काढला नाही, स्वतःच योजना मांडली: नदीकडचा बांध उतरवा, आम्ही मागच्या बांधालगत मातीचे उंच टेकाड रचून त्यावर घरं आणि गोठे बांधतो. एरवी शेती करायची आणि साधारण २५ वर्षांतून एकदा शेतात पाणी येऊ द्यायचं. हे ऐकायला छान वाटतं. पण टेकाडांवर सगळ्यांना जागा नव्हती, काही कुटुंबांना पिढ्यांची जमीन सोडून दुसरीकडे जावं लागलं. त्या टेकाडावर आम्ही उभे होतो. मागं दूध काढायचं यंत्र घरघरत होतं, समोर खाली हिरवंगार कुरण होतं आणि हे कुरण बुडण्यासाठीच ठेवलंय हे गाईंना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

तिकडं पाण्याचा कारभार पाहणारी मंडळं आहेत, त्यांची मुळं तेराव्या शतकापर्यंत जातात. त्यांच्या निवडणुका होतात, ती स्वतःचा कर लावतात. पूर आल्यावर कुणाला जाब विचारायचा हे तिथं पूर यायच्या आधीच ठरलेलं असतं. नाही म्हणायला त्यांनाही हे फुकट सुचलेलं नाही. १९५३च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसला तेव्हा १,८३६ माणसं गेली.

"मग हे डच मॉडेल सांगलीत आणा की," असं आता प्रत्येक समारंभात कुणी ना कुणी मला म्हणतं. त्यांचा पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आपला महाबळेश्वर-कोयनेचा चार महिन्यांत कोसळतो. उचलून आणण्यासारखं फारसं काही नाही. पण एक गोष्ट मला २०१९च्या ऑगस्टमध्ये दिसली, जी त्या दौऱ्याशिवाय दिसली नसती.

त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आई-बाबांना विश्रामबागेत मावशीकडे हलवलं. पाणी उतरल्यावर चिखल काढता काढता गल्लीत चर्चा एकच, कर्नाटकातलं अलमट्टी धरण आणि कोयना धरणाचा विसर्ग. ते प्रश्न खरेच आहेत, मी नाकारत नाही. पण आपल्याकडेही नकाशावर पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नसतं. २५ वर्षं! ओव्हरडीपला ज्या हिशेबानं माणसं टेकाडावर गेली, जवळपास तोच हिशेब. मी नकाशा घेऊन गावभागातून आणि पुढं नदीकाठानं फिरले. निळ्या रेषेच्या आत भराव टाकलेले होते, भिंती होत्या, पायऱ्यांना संगमरवर लावलेली घरं होती. त्या घरांतल्या माणसांना उठवा म्हणणं सोपं आहे. त्यांनी जायचं कुठं, आणि त्यांना टेकाड कोण रचून देणार, हे विचारणारं कुणी भेटलं नाही. मी सध्या नोकरीत जे काम करते ते बरंचसं या प्रश्नाभोवतीच चालतं आणि त्यात यश किती, हे विचारू नका.

अंकात शाळेच्या भावी योजनांचं पान असेल, त्यात नववीच्या मुलांना परदेश दौऱ्यावर नेण्याचा विचार आहे असं ऐकलं. न्या, जरूर न्या, पण पालकांना कर्ज काढायला लावण्याआधी त्याच मुलांना एकदा आयर्विनपासून हरिपूरच्या संगमापर्यंत काठानं चालत न्या. पूररेषेचा नकाशा मी छापून आणते. रात्री प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, ही मॅडमची अट ठेवायची. मी सुट्टी टाकून येईन, फक्त तारीख जूनच्या आधीची धरा आणि महिनाभर आधी कळवा.